टोकियोत सुशी ओमाकासे: बुकिंगपासून बिलापर्यंत, क्रमाने

लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची सत्तरी, जपानच्या सहलीतली शेवटची रात्र. अशा निमित्ताने टोकियोतल्या उंची सुशी काउंटरवर जाणाऱ्यांच्या चुका बहुतेक घरीच होतात, बुकिंग करताना. तारीख सुट्टीची निघते, कार्डाचा ओटीपी येत नाही, बरोबरचं माणूस शाकाहारी असल्याचं दारात सांगितलं जातं, आणि रद्द केल्याचे पैसे मात्र पूर्ण कापले जातात. म्हणून या लेखाचा निम्मा भाग खुर्चीवर बसण्याआधीचा आहे.

इथे लिहिलंय ते गिन्झा, निशी-आझाबू अशा भागांतल्या आठ-दहा खुर्च्यांच्या काउंटरबद्दल. तिथे मेन्यू नसतो. काय, किती आणि कोणत्या क्रमाने वाढायचं ते मुख्य कारागीर, म्हणजे ताइशो, ठरवतात. यालाच ओमाकासे म्हणतात. फिरत्या पट्ट्यावरच्या सुशीला यातलं जवळपास काहीच लागू नाही. तिथे खुशाल पोराबाळांना घेऊन जा.

## १. निमित्त काउंटरला झेपणारं आहे का?

काउंटरवर सगळे एका ओळीत, ताइशोंकडे तोंड करून बसतात. दोघांसाठी ही जागा उत्तम. तिघे ठीक. चौघांत दोन टोकांच्या माणसांना एकमेकांशी बोलताच येत नाही. सहा-आठ जणांचं कुटुंब असेल तर दोनच मार्ग: स्वतंत्र खोली, म्हणजे कोशित्सु, असलेली जागा शोधायची, किंवा अख्खं काउंटर घ्यायचं. दुसऱ्याला काशिकिरी म्हणतात आणि त्यात सगळ्या खुर्च्यांचे पैसे भरावे लागतात. मोठ्या कुटुंबाला खोलीत बसून खायचं काइसेकी, म्हणजे एकामागून एक पदार्थ येणारं पारंपरिक जपानी जेवण, जास्त सोयीचं पडतं, हे आमचं स्पष्ट मत.

लहान मुलांना बहुतेक ठिकाणी प्रवेश नसतो. वयाची अट प्रत्येकाची वेगळी असते. काही जण पूर्ण कोर्स खाऊ शकणाऱ्या मुलालाच घेतात आणि त्याचे पैसे मोठ्या माणसाइतकेच लावतात.

मेणबत्त्या, केक, टाळ्या वाजवत गाणं, गुडघ्यावर बसून अंगठी देणं यातलं काही काउंटरवर जमत नाही. शेजारच्या सहा अनोळखी माणसांनीही तेवढेच पैसे मोजलेले असतात. निमित्त बुकिंगच्या वेळी एका ओळीत कळवा: ‘लग्नाचा २५वा वाढदिवस आहे.’ कुणी अभिनंदन करेल, कुणी काहीच करणार नाही. केक कापायचाच असेल तर तो हॉटेलच्या खोलीत.

तपासा: बरोबरच्या प्रत्येकाला कच्चा मासा चालतो का, हे त्या माणसाला थेट विचारलंय का? ‘चालेल बहुतेक’ हे उत्तर इथे पुरत नाही.

## २. तारीख धरताना मासळीबाजाराचं कॅलेंडर बघा

टोकियोचा मासळीचा घाऊक बाजार ऑक्टोबर २०१८ मध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला. हा बाजार रविवारी, सार्वजनिक सुट्ट्यांना आणि बऱ्याच बुधवारी बंद असतो. त्यामुळे अनेक चांगली सुशी दुकानंही रविवारी किंवा बुधवारी बंद असतात. वर्षाअखेरीस बाजार मिटला की नव्या वर्षाचा पहिला लिलाव साधारण ५ जानेवारीला होतो. ऑगस्टच्या मध्यावर ओबोनची सुट्टी असते, आणि एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात सुट्ट्यांची रांग लागते. तुमचा वाढदिवस रविवारी येत असेल तर एक-दोन दिवस मागेपुढे करा.

ऋतूप्रमाणे मासेही बदलतात. हिवाळ्यात ट्यूना आणि यलोटेल, म्हणजे बुरी, चरबीदार असतात, आणि कॉड माशाचं शिराको, म्हणजे नराच्या पोटातली वीर्याची पिशवी, ताटात येते. उन्हाळ्यात अवाबी (अबालोन), अनागो (समुद्री वाम) आणि शिंको हे कोहादा या छोट्या चंदेरी माशाचं इवलंसं पिल्लू मिळतं. कात्सुओ (बोनिटो, ट्यूनाच्या जातीचा मासा) वसंतात हलका लागतो, शरद ऋतूत तेलकट. पहिल्यांदाच जाणाऱ्याने यावरून तारीख ठरवायची गरज नाही, पण जूनमध्ये शिराको मागून चारचौघांत अडाणी ठरू नका.

## ३. खर्चाचा हिशोब आधी कागदावर

रात्रीचा कोर्स माणशी ३०,००० ते ५०,००० येन धरून चला. त्याहून महाग जागाही आहेत. दुपारचं जेवण बऱ्याच ठिकाणी १५,००० ते २०,००० येनच्या आसपास असतं. त्यात सुरुवातीच्या छोट्या डिश कमी किंवा नसतातच, पण भात आणि हात तेच. बजेट ताणत असेल तर दुपारची वेळ घ्या.

बिल वाढतं ते चार ठिकाणी. किंमत ‘झेइबेत्सु’ असेल तर १० टक्के उपभोग कर वेगळा पडतो. ‘झेइकोमी’ असेल तर धरलेला असतो. काही ठिकाणी १० टक्के सेवा शुल्क लागतं. पेयं वेगळी. शेवटी मागितलेले जादा तुकडे वेगळे.

दोघांचं उदाहरण: ३५,००० चे दोन कोर्स म्हणजे ७०,०००. पेयं १६,०००, जादा तुकडे ४,०००. झाले ९०,०००. त्यावर सेवा शुल्क ९,००० आणि ९९,००० वर कर ९,९००. एकूण १,०८,९०० येन. १०० येनला ५५ ते ६० रुपये धरले तर साठ ते पासष्ट हजार रुपये. भाव रोज हलतो, तेव्हा निघण्याआधी पुन्हा बघा. भारतीय कार्डावर परकी चलनाचं शुल्क वर पडतंच. बक्षिशी मात्र शून्य: जपानमध्ये ती देत नाहीत, आणि पुढे केलीत तर समोरचा माणूस अवघडतो.

सावधान: काही जुनी दुकानं अजूनही फक्त रोख घेतात. बुकिंगच्या पानावर ‘कार्ड चालत नाही’ असं असेल तर तेवढे येन आधी काढून ठेवा. रात्री दहाला गिन्झात एटीएम शोधत पळणं हा वाढदिवसाचा चांगला शेवट नव्हे.

## ४. बुकिंग

पहिली पायरी: दुकान नव्या गिऱ्हाइकाला घेतं का? अतिशय नावाजलेली काही काउंटरं फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकांना किंवा त्यांच्याबरोबर येणाऱ्यांना बसवतात. प्रसिद्ध सुशी कारागीर जिरो ओनो यांचं गिन्झातलं सुकियाबाशी जिरो २०१९ साली मिशेलिनच्या टोकियो मार्गदर्शिकेतून गेलं ते चव घसरली म्हणून नव्हे, तर सामान्य माणसाला तिथे आरक्षण मिळत नाही म्हणून. अशा नावांमागे धावण्यात महिने जातात. ऑनलाइन आरक्षण खुलं असलेली चार-पाच ठिकाणं निवडा आणि त्यांना पसंतीक्रम द्या.

दुसरी पायरी: आरक्षणाची खिडकी कधी उघडते? ओमाकासे, टेबलचेक, टेबलऑल, ताबेलोग अशा संकेतस्थळांवर दुकानं एक ते तीन महिने आधी जागा सोडतात, बऱ्याचदा महिन्याच्या १ तारखेला ठरावीक वेळी. ती वेळ जपानची असते आणि जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. तिथले सकाळचे १० म्हणजे आपले साडेसहा. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. इथे तारीख चुकवणारे कमी नाहीत.

तिसरी पायरी: कार्ड तयार ठेवा. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते सुरू करा आणि मर्यादा वाढवा. संकेतस्थळावर खातं आदल्या दिवशीच उघडा, नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, कार्ड नोंदवता येत असेल तर नोंदवा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून हे काम जपानला पोचल्यावर स्थानिक सिमवर करायला जाऊ नका. करावंच लागलं तर रोमिंग चालू हवं.

चौथी पायरी: हॉटेलमार्फत. ऑनलाइन जागा मिळाली नाही तर चांगल्या हॉटेलचा कन्सिएर्ज फोन करून देतो, पण खोलीचं आरक्षण पक्कं झाल्यावरच. त्याला तीन तारखा, दोन वेळा, माणसं किती, बजेट किती आणि खाण्याची बंधनं एकाच ईमेलमध्ये पाठवा. एकाच दुकानासाठी दोन हॉटेलांना कामाला लावू नका. दोन्ही फोन त्याच ताइशोंकडे जातात, आणि दुहेरी बुकिंग करणाऱ्याचं नाव लक्षात राहतं.

टोकियोत, निशी-कासाई भागात म्हणा, राहणारे मराठी ओळखीचे असतील तर त्यांच्याकडून एकच मोठी मदत घ्या: दुकानाला द्यायला जपानी फोन नंबर. आदल्या दिवशी खात्रीचा फोन येतो. तो उचलला गेला नाही तर काही ठिकाणी बुकिंगच रद्द होतं. नंबर द्यायचा तर त्या माणसाला तसं सांगूनही ठेवा.

सावधान, रद्द करण्याचे नियम: त्याच दिवशी रद्द केलं तर १०० टक्के रक्कम कापली जाणं सामान्य आहे. काही ठिकाणी तीन दिवस, काही ठिकाणी आठवडाभर आधीपासून कपात सुरू होते. दोघांतला एकच आला तरी दुसऱ्या खुर्चीचे पैसे पडतात, कारण मासे माणसं मोजून आणलेले असतात. विमान ज्या दिवशी उतरतं त्या दिवशीचं बुकिंग कधीही करू नका.

## ५. काय चालत नाही, ते बुकिंगच्याच वेळी लिहून कळवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा थांबून वाचा.

शाकाहारी माणसाला सुशी काउंटरवर नेऊ नका. ‘तिला काहीतरी भाजीचं द्या’ ही विनंती बहुतेक ठिकाणी सरळ नाकारली जाते. मान्य झालीच तरी प्रश्न सुटत नाही: सूप, उकडलेल्या भाज्या, चटकन वाढलेलं काहीही दाशीत, म्हणजे जपानी स्वयंपाकातल्या मूळ रश्श्यात, शिजलेलं असतं आणि दाशी बहुतेक कात्सुओ माशाच्या वाळवलेल्या कापांची असते. ‘मी अंडं खातो, मग शेवटचं आम्लेट चालेल’ असं म्हणणाऱ्यांनीही ऐका: सुशी दुकानातल्या तामागोत बऱ्याचदा कोळंबी किंवा पांढरा मासा वाटून घातलेला असतो. न खाता नुसतं सोबत बसायचीही सोय नाही. खुर्ची घेतली की कोर्सचे पैसे आले.

अशा जोडप्याने बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्‍योरी निवडावं. त्यात मासे-मांस नसतं, कांदा-लसूणही नसतो. जैन वाचकांसाठी मात्र इशारा: मुळा, कमळकाकडी, गोबो ही जमिनीखालची मुळं त्यात भरपूर असतात. आणि दाशी माशाची की कोम्बु शेवाळाची, हे तिथेही विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांनी बंधनं नेमकी लिहावीत. नुसतं ‘सीफूडची थोडी ॲलर्जी’ लिहिलंत तर दुकान बुकिंग नाकारेल, आणि ते बरोबरच आहे. असं लिहा:

- कोळंबी-खेकडा चालत नाही, की शिंपले-तिसऱ्या-कालवं चालत नाहीत? जपानीत हे दोन वेगळे गट आहेत.
- कच्चं चालत नाही, की शिजवलेलंही नाही?
- रस्सा, दाशी, अर्क यांतून आलेला अंश चालतो का?
- ही ॲलर्जी आहे, की नुसती नावड?

माशावर लावायच्या सोयासॉसमध्ये, म्हणजे निकिरीमध्ये, साके किंवा मिरिन घालून उकळलेलं असतं. दारूचा अंशही चालत नसेल तर तेही आधीच कळवा. निकिरी बहुतेक तुकड्यांवर असते, ऐनवेळी ती बदलता येत नाही. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारा आणि दुकानालाही सांगा.

तपासा: बंधनं कळवल्यावर ‘चालेल’ असं लेखी उत्तर आलंय का? उत्तर नाही म्हणजे होकार नाही.

## ६. त्या दिवशी

वास. परफ्यूम, अत्तर, वासाचं केसाचं तेल, उग्र लोशन यातलं काही नको. हे वागण्याचं सोवळं नाही. पांढऱ्या माशाचा आणि व्हिनेगरच्या भाताचा वास इतका हलका असतो की तीन खुर्च्यांपलीकडचं अत्तरही त्याला झाकून टाकतं. अशा माणसाला दारातून परत पाठवणारी दुकानं आहेत. हॉटेलात धूप-उदबत्ती लावली असेल तर तिथे टांगलेले कपडे घालून जाऊ नका.

कपडे. सूट-टायची गरज नसते. इस्त्रीचा शर्ट, पूर्ण पँट, बूट पुरेत. हाफपँट आणि चपला नकोत. साडी उत्तम दिसते, पण पदर पिनने नीट बसवा. मोकळा पदर काउंटरवरून हात पुढे करताना सोयासॉसमध्ये जातो.

दागिने. काउंटर बहुधा हिनोकी लाकडाचा एकसंध फळा असतो: मऊ, विना पॉलिशचा, रोज घासून पुसलेला. बांगड्या, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ, मोठी अंगठी यांनी त्यावर ओरखडे उठतात. काचेच्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवा. लांब मंगळसूत्र वाकताना फळ्यावर आपटणार नाही असं आत घाला.

पोट. दुपारी हलकं खा, पण उपाशी जाऊ नका. निगिरीच्या, म्हणजे भाताच्या गोळ्यावर माशाचा काप ठेवलेल्या सुशीच्या, एका तुकड्यात भात साधारण १० ते १५ ग्रॅम असतो. बारा तुकडे आणि आधीच्या पाच-सात डिश मिळून चांगलं भरगच्च जेवण होतं. तिखट, लसणीचं, कॉफीचं सगळं त्या दिवशी दुपारीच संपवा.

वाट. बरीच दुकानं इमारतीच्या तळघरात किंवा सातव्या-आठव्या मजल्यावर असतात. पाटी तळहाताएवढी आणि फक्त कांजीत. दुकानाचं नाव कांजीत, इमारतीचं नाव आणि मजला फोनमध्ये ठेवा, कारण एकाच नावाची तीन दुकानं एका वॉर्डात असू शकतात. स्टेशनबाहेर पडून योग्य इमारत सापडेपर्यंत सहज वीस मिनिटं जातात.

सगळ्यांना एकाच वेळी वाढायला सुरुवात होते. पहिली पंगत ५:३० किंवा ६ ला, दुसरी ८ ते ८:३० ला. पाच मिनिटं आधी दारात या. वीस मिनिटं आधी आलात तर आत जागा नसते, खालीच थांबा. उशीर होणार असेल तर फोन करा; पंधरा-वीस मिनिटांनंतर काही ठिकाणी तुम्ही आलाच नाहीत असं धरलं जातं.

## ७. बसल्यावरची पहिली पाच मिनिटं

कोट आणि मोठी बॅग दारातच दिली जाते. जागा दाखवतील तिथेच बसा, ‘मधली द्या ना’ नको. फोन, चष्म्याची डबी, पाकीट यातलं काही काउंटरवर ठेवू नका. मासे ठेवायच्या उंचवट्यावर तर हातही नको.

गरम ओल्या रुमालाने, म्हणजे ओशिबोरीने, हात पुसा. तोंड, मान पुसू नका. घडी करून परत ठेवा. बोटं पुसायला वेगळा छोटा ओला रुमाल असतो. चॉपस्टिक्स एकमेकींवर घासू नका. तिथल्या चॉपस्टिक्सना कुसळं नसतात, आणि ती कृती ‘तुमचा माल हलका’ असं सांगते. वापरून झाल्या की त्यांच्या टेकणीवर आडव्या ठेवा.

डावखुरे असाल तर आत्ताच सांगा. निगिरी उजव्या हाताला सोयीची पडेल अशी तिरपी ठेवतात. सांगितलंत तर ताइशो कोन बदलतात. भात कमी हवा असेल तर तेही आत्ताच: ‘शारि सुकुनामे दे ओनेगाइ शिमास’. सहाव्या तुकड्याला सांगण्यापेक्षा हे बरं.

पेय विचारतील. साके मागायची असेल तर माप ‘गो’चं असतं, एक गो म्हणजे १८० मिली. दोघांत एक-एक गो करून मागवा आणि पुढची निवड त्यांच्यावर सोपवा. दारू घेत नसाल तर गरम चहा मागा, संकोच नको. वाइनची बाटली स्वतः आणायची असेल तर आधी विचारलेलं असलं पाहिजे.

## ८. खाण्याचा क्रम आणि प्रत्येक तुकडा

आधी छोट्या डिश येतात: साशिमी (कच्च्या माशाचे नुसते काप), वाफवलेली अवाबी, भाजलेला मासा, चावानमुशी (वाफवलेलं अंड्याचं कस्टर्ड) असं काहीतरी. नंतर निगिरी. साधारण हलक्या पांढऱ्या माशापासून किंवा स्क्विडपासून सुरुवात, मध्ये ट्यूनाचे अकामी (बिनचरबीचा लाल भाग), चुतोरो (मध्यम चरबीचा), ओतोरो (सर्वांत चरबीदार), व्हिनेगरात मुरवलेला कोहादा, मग कुरुमा कोळंबी, उनी (समुद्री साळिंदर), शेवटाकडे अनागो, मकी (नोरीत गुंडाळलेली गुंडाळी), मिसो सूप आणि तामागो (अंड्याचं आम्लेट). प्रत्येक दुकान हा क्रम आपापल्या परीने बदलतं. काही ठिकाणी ट्यूना पहिलाच येतो.

निगिरी खायची रीत अशी:

1. तुकडा ठेवला की बघा, भात किंचित खाली बसतो. इतका सैल दाबलेला असतो. म्हणजेच तो थांबणार नाही. दहा-पंधरा सेकंदांत उचला.
2. हाताने किंवा चॉपस्टिकने, दोन्ही चालतं. आपल्याला हात सोपा. पण भात कालवल्यासारखी पाची बोटं नकोत: अंगठा आणि मधलं बोट दोन बाजूंना, तर्जनी वरून अलगद.
3. तुकडा आडवा करून, एकाच घासात तोंडात. अर्धा चावून उरलेला परत ठेवला की भात सांडतो.
4. सोयासॉस शोधू नका. निकिरी आधीच लावलेली असते, वासाबी आत असतं. साशिमीबरोबर सोया दिला असेल तर मासा टेकवा. वासाबी त्यात कालवून पिठलं करू नका.
5. पुढच्या तुकड्याआधी आल्याची एक चकती, एक घोट चहा. आलं तुकड्याच्या वर ठेवून खायचं नसतं.

नोरीत, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ पापुद्र्यात, गुंडाळलेला तुकडा ताइशो कधी थेट तुमच्या हातावर देतात. तो ताटलीत ठेवू नका, सरळ तोंडात घाला. भात कोमट असतो आणि नोरी कुरकुरीत. फोटोसाठी अर्धं मिनिट थांबलात की नोरी ओल्या कागदासारखी चिवट होते आणि मग चूक ताइशोंची वाटते.

मालवण-रत्नागिरीच्या ताज्या फडफडीत मासळीवर वाढलेल्यांची इथे एक गफलत होते. ताजेपणा हा इथला एकमेव निकष नाही. ट्यूना कापून कित्येक दिवस, कधी आठवड्याहून जास्त मुरवतात. कोहादाला मीठ आणि व्हिनेगर लावतात. साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद, तोही तसाच. पहिल्या घासाला आंबट लागलं म्हणून ‘मासा उतरलाय’ असा निष्कर्ष काढू नका. सावारा आला तर ओळखीचं वाटेल. तो सुरमईच्याच घराण्यातला.

सावधान: माशाचा काप काढून भात बाजूला ठेवणं, नवऱ्याच्या ताटलीत आपला तुकडा सरकवणं, चॉपस्टिकवरून चॉपस्टिकवर देणं, हे तिन्ही टाळा. शेवटचं जपानमध्ये अस्थी वेचण्याच्या विधीत करतात. एखादा पदार्थ नकोच असेल तर तो बनवायच्या आधी ‘निगाते देस’ म्हणा. समोर ठेवल्यावर म्हटलंत तर तो वाया जातो.

स्वच्छतागृहात जायचं असेल तर डिश संपून निगिरी सुरू होण्याआधीची फट बघा. मध्येच उठलात तर ताइशोंना तुमच्यासाठी हात थांबवावा लागतो आणि अख्खी ओळ अडते.

## ९. फोटो आणि गप्पा

आधी विचारा: ‘शाशिन ओ तोत्तेमो इइ देस का?’ होकार मिळाला तर फक्त पदार्थाचा, फ्लॅशशिवाय, एकच फोटो. व्हिडिओ आणि शेजाऱ्यांचे चेहरे नकोत. घरी व्हिडिओ कॉल तर अजिबात नको.

ताइशोंशी बोलायला हरकत नाही. मासा कुठला, हंगाम कोणता, हे प्रश्न त्यांना आवडतात. बोलायची वेळ हात सुरीवर नसताना. दुसऱ्या दुकानाचं कौतुक आणि माशाची किंमत हे दोन विषय सोडा. इंटरनेटवरून शिकलेले कारागिरांचे आपसातले शब्द, सोयाला मुरासाकी, चहाला आगारि, बिलाला ओआइसो, गिऱ्हाइकाच्या तोंडी शोभत नाहीत. साधे शब्द वापरा.

## १०. शेवट, जादा तुकडे आणि बिल

तामागो आला की कोर्स संपला असं समजा. मग ‘आणखी काही?’ असं विचारतात. इथे आवडलेला तुकडा पुन्हा मागता येतो, किंवा न वाढलेलं काही. प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. उनी आणि ओतोरो महाग पडतात. पोट भरलं असेल तर नाही म्हणा, त्यात काही वाईट दिसत नाही. कान्प्योमाकी, म्हणजे गोड मुरवलेल्या दुधी भोपळ्याच्या पट्ट्यांची मकी, स्वस्त आणि शेवटाला छान लागते.

बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइ शिमास’. ते ट्रेमध्ये किंवा घडीच्या कागदावर येतं. पैसे ताइशोंच्या हातात देऊ नका. त्यांचे हात मासा आणि भातासाठी असतात, बिल दुसरी व्यक्ती घेते. ‘मी देतो, तू नको’ ही आपली ओढाताण काउंटरवर नको; कोण देणार ते हॉटेलातच ठरवा. रक्कम येनमध्ये घ्यायची की रुपयांत असं यंत्राने विचारलं तर येन निवडा, रुपयांचा दर बहुधा महाग पडतो.

तपासा: कोर्स, पेयं, जादा तुकडे, सेवा शुल्क, कर. शंका असेल तर शांतपणे विचारा, पण त्याआधी तिसऱ्या टप्प्यातला हिशोब आठवा.

दुसरी पंगत यायची असते, म्हणून बिलानंतर रेंगाळू नका. ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा. ताइशो किंवा त्यांचे सहकारी बऱ्याचदा लिफ्टपर्यंत सोडायला येतात आणि दार मिटेपर्यंत वाकून उभे असतात. तुम्हीही मान लववा, हस्तांदोलनासाठी हात पुढे करू नका. पुन्हा यायचं असेल तर पुढची तारीख काही दुकानं याच क्षणी वहीत लिहून घेतात, आणि नव्या गिऱ्हाइकांसाठी बंद असलेली दारंही बहुधा अशीच उघडतात. विमानाचं तिकीट हातात नसेल तर मात्र तारीख देऊ नका. ती मोडली की त्या वहीत तुमचं नाव पुन्हा येणं अवघड असतं.